व्हायरसचे नमुने कुलुपात ठेवावेत का?

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. शेवटच्या वर्षाच्या तिघांनी प्रोजेक्ट घेतला: फाइल तपासून ती व्हायरस आहे की साधी, हे ओळखणारा प्रोग्राम. आता असल्या प्रोग्रामला शिकवायचं तर दोन्ही तऱ्हेच्या फाइली हजारोंनी दाखवाव्या लागतात. साध्या फाइली कुठेही मिळतात. दुसऱ्या तऱ्हेच्या आणायला मुलांनी 'मालवेअरबझार' गाठला. स्वित्झर्लंडच्या अब्यूज डॉट सीएचनं २०२० साली सुरू केलेला हा साठा. फुकट. प्रत्येक नमुना झिपमध्ये बंद येतो आणि पासवर्ड एकच, 'इन्फेक्टेड'. जगभरातले अभ्यासक हाच पासवर्ड वापरतात. तो गुप्त ठेवायचा नसतोच. कोणाच्या हातून चुकून डबल-क्लिक होऊ नये आणि वाटेतल्या अँटिव्हायरसनं फाइल खाऊन टाकू नये, एवढ्याचसाठी तो असतो.

मुलांनी काम नीट केलं होतं. वेगळा संगणक, त्यात व्हर्च्युअल मशीन (म्हणजे संगणकाच्या आतला आभासी संगणक), नेटवर्क तोडलेलं. पण उतरवून घेताना कॉलेजच्या फायरवॉलनं बोंब ठोकली, ती थेट वरपर्यंत गेली आणि परिपत्रक निघालं: आवारात कोणत्याही प्रकारचा व्हायरस आणणे, बाळगणे वा अभ्यासणे यास सक्त मनाई. सायबर सुरक्षेचा पेपर मात्र विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे आणि तो मलाच शिकवायचाय.

कॉलेजचं मी बघून घेईन. तुम्हाला विचारायचंय ते त्याच्या पलीकडचं. असे साठे मुळात कोणालाही खुले असावेत का? गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर 'द झू' नावाचा संग्रह आहे, तो कोणीही उतरवून घेऊ शकतो. 'व्हायरसशेअर'ला ओळख देऊन प्रवेश मागावा लागतो. 'व्हायरसटोटल'वर फाइल तपासायला कोणीही टाकू शकतो, पण दुसऱ्यांनी टाकलेले नमुने उतरवून घ्यायचे तर पैसे मोजायला लागतात, आणि ते आमच्यासारख्या कॉलेजच्या आवाक्यातले नाहीत. तीन साठे, तीन दारं. बरोबर कोणाचं?

माझा कल खुलेपणाकडे आहे हे आधीच सांगते. खोडून काढा.


आंबोली_घाट | सोमवार, रात्री ९.३१

शीर्षक वाचून वाटलं पुन्हा करोनावर हाणामारी. पॉपकॉर्न वाया गेले.


पेन्शनर_दापोली | सोमवार, रात्री १०.०५

बाई, बाळबोध शंका आहे, रागावू नका. घाण सापडली की टाकून द्यायची असते. ती जमवून ठेवायची कशाला, आणि वर वाटायची कशाला?

मग माझं मीच उत्तर शोधलं, ते बरोबर का सांगा. आमच्या लहानपणी फुरशाची फार दहशत. कातळावर अनवाणी गेलं की आई ओरडायची. त्या फुरशावरचं औषध हाफकिनमध्ये तयार होतं आणि ते सापाच्या विषावाचून होत नाही. विष काढायला साप पाळावे लागतात. व्हायरस जमवणं त्यातलंच का? तसं असेल तर हाफकिनवाले साप ज्याला त्याला पिशवीत घालून देत नाहीत, हेही लक्षात घ्या.


चौल_रेवदंडा | सोमवार, रात्री ११.४०

काका, दाखला चांगला आहे, फक्त विष बाटलीत बसून स्वतःच्या प्रती काढत नाही.

मी नवी मुंबईत सुरक्षा विभागात नोकरी करतो, मूळचा अलिबागकडचा. ताईंच्या विरुद्ध बाजूनं लिहितो, कारण रात्री तीनला फोन मला येतो, प्राध्यापकांना नाही.

या क्षेत्रातल्या जुन्या लोकांनी पहिल्यापासून हात आखडता ठेवला होता. १९९० मध्ये 'कॅरो' नावाची अभ्यासकांची मंडळी जमली. तिथे नमुने फक्त ओळखीच्या, भरवशाच्या माणसालाच मिळायचे. तेव्हा लोक त्यांना कंपूबाज म्हणायचे, आजही म्हणतात. पण त्याच सुमाराला उलटा प्रयोगही झाला. बल्गेरियात सोफियाला एक बुलेटिन बोर्ड निघाला, फोन लावून जोडायचा. नियम असा की नवा व्हायरस आणून द्या, मग आमचा सगळा साठा तुमचा. परिणाम काय? ज्याच्याकडे द्यायला नवा व्हायरस नव्हता तो प्रवेशासाठी जुन्यात थोडा फेरफार करून नवा बनवायला बसला. साठा नुसता साठा राहिला नाही, कारखान्याची भरती सुरू झाली.

पुढचं माझ्या पिढीतलं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानच्या उत्कू सेननं 'हिडन टियर' हा रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, कोड शिक्षणासाठी म्हणून गिटहबवर ठेवला. गुन्हेगारांनी उचललाच तर फाइली सोडवता याव्यात म्हणून त्यानं मुद्दाम त्यात कच्चा दुवा ठेवला होता म्हणे. चोरांनी तो कोड घेतला, आपापल्या आवृत्त्या काढल्या आणि लोकांच्या फाइली खरोखरच अडकल्या. शेवटी त्यानं कोड काढून टाकला, पण तोवर पसरला होता. २०१६ चं 'मिराय', घरोघरचे कॅमेरे-राउटर ताब्यात घेऊन हल्ले करणारं, तेही तसंच. ३० सप्टेंबरला कोड उघड झाला, २१ ऑक्टोबरला वेबसाइटींचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन कंपनीवर हल्ला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स आडवे. कोड टाकणाऱ्यानं तो ज्ञानदानासाठी टाकला नव्हता. पोलिस मागावर असताना एकट्याकडेच तो कोड असणं अडचणीचं होतं.

'शिक्षणासाठी' एवढा शब्द लिहिला की जबाबदारी संपते, हे मला मान्य नाही.


बी_ई_फायनल | मंगळवार, सकाळी ७.५०

मी त्या तिघांतला एक. मॅडमनी सांगितलं नव्हतं, धागा मीच शोधला.

चौलदादा, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो त्या मूळ मजकुराची आहेत. आम्ही कोड मागितलाच नव्हता. आम्हाला तयार झालेल्या फाइली हव्या होत्या, त्याही आधीच पसरून झालेल्या आणि बऱ्याच अँटिव्हायरसना माहीत असलेल्या. सोर्स कोड हातात आला की माणूस त्यात चार ओळी बदलून स्वतःचं हत्यार करतो. तयार फाइलीतून तेवढं काढायला आधी तिची चिरफाड करता यायला हवी, आणि ती ज्याला येते तो आमच्या कॉलेजच्या फायरवॉलला घाबरून थांबणार नाही.

दुसरं, चोरांना नमुन्यांची टंचाई आहे कुठे? जर्मनीची एव्ही-टेस्ट संस्था सांगते की त्यांच्याकडे रोज साडेचार लाखांच्या वर नव्या घातक किंवा नकोशा प्रोग्रामांची नोंद होते. माझ्या स्वतःच्या मेलच्या स्पॅममध्ये 'कुरिअर बिल' म्हणून दोन-तीन सापडतील. टंचाई आहे ती आम्हाला. आम्हाला त्या नाव लावून, वर्गवारी करून, तारखेनिशी हव्यात. स्पॅममधून चार फाइली काढून प्रोजेक्ट होत नाही.


खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ८.१०

तुझा सबमिशन रिपोर्ट बाकी आहे, इथे काय करतोस?

(मुद्दा मात्र बरोबर.)


नाखवा_उरण | मंगळवार, दुपारी १.१५

माझी ट्रान्सपोर्टची कचेरी आहे, उरणला. कोड आणि फाइल यातला फरक मला कळत नाही, पण व्हायरस काय करतो ते पाहिलंय म्हणून लिहितो.

२७ जून २०१७. ऐन पावसाळा. न्हावाशेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल एकदम थंड पडलं. ते मर्स्कच्या गटातल्या एपीएम टर्मिनल्सकडे आहे, तेव्हा वर्षाला १८ लाख कंटेनर (वीस फुटी मापानं) हाताळायची क्षमता. कुठला डबा कुठल्या थप्पीत आहे हे सगळं संगणकात, आणि संगणक मेलेला. कागदावर काम सुरू केलं, पण हातानं असं किती होणार? ट्रेलरच्या रांगा रस्त्यावर, ड्रायव्हर केबिनमध्येच जेवतायत, पार्टीचे फोन थांबत नाहीत. आम्हाला कोणी सांगेना काय झालंय. दोन दिवसांनी पेपरात वाचलं की युक्रेनमधल्या कुठल्याशा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून हे आलं.

कुठे युक्रेन, कुठे जासई! त्यामुळे 'अभ्यासाला मोकळं ठेवा' असं कोणी म्हटलं की मला त्या रांगा आठवतात. माझं मत सरळ आहे: ठेवा कुलुपात.


कातळशिल्प | मंगळवार, दुपारी २.००

नाखवा +१


खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

नाखवा, तुमचं उदाहरण मी वर्गात शिकवते, कारण आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळलेला तो मोठा सायबर हल्ला. फक्त त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला निघत नाही. का ते जरा सविस्तर सांगते.

त्या व्हायरसला पुढे 'नॉटपेट्या' नाव पडलं. एका कचेरीत शिरल्यावर तो दोन हत्यारांच्या जोरावर पसरत गेला. पहिलं 'इटर्नलब्लू', म्हणजे विंडोजमधल्या एका भोकातून शेजारच्या संगणकात घुसण्याची युक्ती. ती अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर खात्याची मानली जाते. त्यांनी ती उघड्यावर ठेवली नव्हती. जगातल्या सगळ्यात कडेकोट तिजोऱ्यांपैकी एकीत होती, मायक्रोसॉफ्टलाही कित्येक वर्षं पत्ता नव्हता. तिथून ती बाहेर पडली आणि १४ एप्रिल २०१७ ला 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीनं जगासमोर टाकली. १२ मेला 'वॉनाक्राय', जूनअखेर तुमच्या रांगा.

म्हणजे तुम्ही म्हणता तसं कुलूप होतंच. इतकं पक्कं होतं की ज्यांची खिडकी फुटकी होती त्यांनाच ते कळलं नाही. मायक्रोसॉफ्टला उशिरा कळलं आणि त्यांची दुरुस्ती आली १४ मार्च २०१७ ला, उघड होण्याच्या बरोबर महिनाभर आधी. ती ज्यांनी बसवली ते या वाटेनं येणाऱ्या हल्ल्यापासून वाचले.

कुलुपाची भीती मला एवढ्याचसाठी वाटते. आत काय आहे ते फक्त आतल्याला माहीत, आणि चोरी झाली की चोरालाही.


चौल_रेवदंडा | मंगळवार, रात्री ११.५५

ताई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. दुसरं हत्यार कोणतं होतं? 'मिमिकॅट्झ'च्या धर्तीवरचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विंडोजच्या मेमरीत पडून राहिलेले पासवर्ड उचलणारं हे साधन. फ्रान्सच्या बेंजामिन देल्पीनं २०११ मध्ये ते बाहेर काढलं, पुढे पूर्ण कोडही गिटहबवर ठेवला. आजही आहे. नाखवांच्या टर्मिनलसारख्या ठिकाणी दुरुस्ती बसवलेले संगणकही याच वाटेनं गेले, कारण एका मशीनवरून अॅडमिनचा पासवर्ड मिळाला की बाकीच्यांत भोक पाडायची गरजच उरत नाही. म्हणजे एक हत्यार तिजोरीतलं आणि दुसरं भर बाजारातलं. मर्स्कनं दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले, हे त्यांच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलंय. त्या हिशेबातला निम्मा वाटा बाजारातल्या हत्याराच्या नावावर टाका की.


खाडीकाठ | बुधवार, सकाळी ६.४५

टाकते. पण जमेची बाजूही लिहा. देल्पीनं मायक्रोसॉफ्टला आधी कळवलं होतं, त्यांनी मनावर घेतलं नाही. साधन बाजारात आल्यावर विंडोज ८.१ पासून पासवर्ड मेमरीत तसाच ठेवायची ती सवय बंद केली. इटर्नलब्लूच्या बाबतीत दुरुस्ती कित्येक वर्षं होऊच शकली नाही, कारण सांगणारं कोणी नव्हतं.

तरी एवढं मान्य की ही दोन्ही हत्यारं आहेत. नमुन्यांचा साठा आणि हत्यारांचा साठा हे एकाच परिपत्रकात कोंबायला नकोत.


खेड_कोर्ट | बुधवार, दुपारी ४.२०

वकिलीच्या नजरेतून थोडं.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये, मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात व्हायरस सोडणं किंवा सोडायला लावणं हे येतं. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता नमुना बाळगणं वा अभ्यासणं हा वेगळा गुन्हा या कलमांत लिहिलेला नाही. त्यामुळे मुलांनी केलं ते बेकायदेशीर होतं असं कॉलेजनं म्हटलं असेल तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी विचारा.

बाहेरच्या देशांत चित्र वेगळं आहे. जर्मनीनं २००७ मध्ये २०२-क हे कलम आणलं, गुन्ह्यासाठीची साधनं बनवणं, मिळवणं हेच गुन्हा. सुरक्षेत काम करणारे हादरले. २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं खुलासा केला की दोन्ही कामांना चालणारं साधन चांगल्या हेतूनं वापरणारा यात येत नाही. तोवर दोन वर्षं लोक जीव मुठीत धरून काम करत होते.

आणि युक्रेनमध्ये 'व्हीएक्स हेवन्स' नावाची जुनी साइट होती, व्हायरस आणि त्यावरचे लेख जमवणारी. मार्च २०१२ मध्ये पोलिसांनी सर्व्हरच उचलून नेला. आता मजा बघा, त्या साइटचा नमुनासंच वापरून केलेले शोधनिबंध ढिगानं आहेत. तो संच गेला की जुन्या निबंधांतले निष्कर्ष ताडून बघायचे कशावर? जप्तीच्या पंचनाम्यात असल्या गोष्टी येत नाहीत.


कुडाळ_रिपेअर | बुधवार, रात्री ८.५०

बाईनू, माझा कुडाळाक रिपेरिंगचा दुकान. पुस्तकी काय माका कळना नाय, पण एक गजाल सांगतंय.

आमच्याकडे रोज पेनड्राइव्ह येतत. झेरॉक्सवाल्याकडे लावलो, शाळेत लावलो, ग्रामपंचायतीत लावलो, मगे सगळे फोल्डर गायब आणि नुसते शॉर्टकट. गिऱ्हाईक रडकुंडीक येता. फायली थयच असतत, नुसत्यो लपयलेल्यो, एक कमांड मारली की परत दिसतत. पण तो किडो खय लपलो ता शोधूक व्हया. म्हणान सापडलो की मी तो काढून एका फोल्डरात ठेवतंय. फोल्डराचा नाव 'भुतां'. बरेच वर्सांचा कलेक्शन असा. नवीन पेनड्राइव्ह इलो की भुतांतल्या कोणाशी जुळता काय ता बघतंय, पाच मिनिटांत काम.

आता माका सांगा, माझ्या ह्या भुतांक कोण कुलूप लावतलो?


चौल_रेवदंडा | बुधवार, रात्री ९.०२

भाऊ, 'भुतां' कुठल्या मशीनवर आहेत?


कुडाळ_रिपेअर | बुधवार, रात्री ९.१०

बिलां बनवतंय त्याच.


चौल_रेवदंडा | बुधवार, रात्री ९.१२

हात जोडले.

उद्या सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं काम: ती सगळी भुतं झिप करा, पासवर्ड घाला, एका वेगळ्या जुन्या हार्डडिस्कवर टाका आणि ती डिस्क काढून खणात ठेवा. आणि अँटिव्हायरस चालतो का हे बघायला गिऱ्हाइकाच्या मशीनवर खरं भूत सोडत असाल तर थांबा. त्यासाठी आयकार या संस्थेची ६८ अक्षरांची चाचणी-फाइल असते. जवळजवळ सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून ओरडतात, पण ती करत काहीच नाही.

आता गंभीरपणे. नमुन्यांच्या साठ्याविरुद्धचा माझा खरा मुद्दा अजून मांडायचाच आहे, तो कुडाळच्या भाऊंमुळे आठवला. साठ्यात नुसते व्हायरस नसतात. ज्यांना व्हायरस लागला त्यांचे कागदही असतात.

कचेरीत मेल येतो, 'टेंडर' किंवा 'पगारपत्रक' नावाची वर्डची फाइल. संशय आला की कारकून ती तपासायला व्हायरसटोटलवर टाकतो. कधी ती खरंच घातक निघते, कधी ती साहेबांनी पाठवलेली अस्सल पगारपत्रकाची फाइल असते. दोन्ही वेळेला ती तिथे जमा होते, आणि पैसे भरणारा जगातला कोणताही ग्राहक ती उतरवून घेऊ शकतो. कंपन्यांचे करार, रुग्णांचे रिपोर्ट असं काय काय तिथून निघालेलं आहे. २०२३ मध्ये तर त्यांच्याच एका कर्मचाऱ्याच्या हातून सुमारे ५,६०० ग्राहकांची यादी तिथेच अपलोड झाली, त्यात गुप्तहेर खात्यांतले लोकही होते. गूगलच्या मालकीच्या जागेत हे होतं, आणि तिथे निदान पैशांचं का होईना दार आहे. बिनदाराच्या साठ्यात कोणी असली फाइल टाकली तर ती परत कशी आणणार?

व्हायरस पसरेल म्हणून बंद करा असं मी आता म्हणत नाही, त्या बी_ई_फायनलच्या मुद्द्याला उत्तर मला देता आलेलं नाही. पण ज्याच्या घरात आग लागली त्याचे फोटो चव्हाट्यावर लावायचा हक्क अभ्यासकांना कोणी दिला?


पेन्शनर_दापोली | बुधवार, रात्री ९.४०

अहो, हे माझ्या पोटात गोळा आणणारं आहे. मी एका पतसंस्थेचं हिशेबाचं काम बघायचो, अजूनही अधूनमधून जातो. जुलै २०२४ च्या अखेरीला बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला आणि यूपीआय वगैरे देवघेव चालवणाऱ्या एनपीसीआयनं खबरदारी म्हणून तीनशेच्या आसपास लहान बँकांचे व्यवहार तोडले होते. तेव्हापासून आमच्याकडे सगळे धास्तावलेत. कॉम्प्युटरवाला मुलगा प्रत्येक संशयित फाइल त्या साइटवर टाकतो. त्यातली एक सभासदांची यादी होती, माझ्यासमोर टाकली. आम्हाला वाटायचं सरकारी काहीतरी असेल.


खाडीकाठ | गुरुवार, सकाळी ७.०५

काका, सरकारी ते वेगळं. 'सायबर स्वच्छता केंद्र' हे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचं, २०१७ पासून. तिथून व्हायरस काढायची साधनं फुकट मिळतात.

मुलाला सांगा, फाइल टाकायची नाही, तिचा ठसा टाकायचा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीपासूनच असते, तिच्याकडून फाइलचा शा-२५६ नावाचा ठसा काढता येतो, ६४ अक्षरांचा. तो त्या साइटच्या शोधात टाकला की तीच फाइल आधी कोणी तपासलीय का ते कळतं. ठशावरून आतला मजकूर उलटा काढता येत नाही. पसरलेला व्हायरस असेल तर आधीची नोंद बहुतेक वेळा सापडते. नाहीच सापडली तर मेल पाठवणाऱ्याला फोन करा, फाइल मात्र टाकू नका.

चौल, तुमच्या या मुद्द्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. खुला साठा म्हणजे जिवंत माणसांच्या कागदांसकट खुला, हे मी आजवर धरलंच नव्हतं. मग दार लावायचं तर कागदपत्रांच्या नमुन्यांना आधी लावा. वर्ड, एक्सेल, पीडीएफ हे ओळख देऊनच. नुसत्या प्रोग्राम-फाइली, जुन्या झालेल्या, त्या मोकळ्या. आणि ज्या हल्ल्याचा तपास चालू आहे त्यातलं काही दिवस कोणालाच नको, कारण आपण सापडलोय का ते बघायला हल्लेखोरच तिथे डोकावत असतात.


चौल_रेवदंडा | गुरुवार, सकाळी ९.३०

जुन्या म्हणजे किती जुन्या? महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांतले संगणक बघितलेत का? तुमचा जुना व्हायरस तिथे ताजाच आहे.


बी_ई_फायनल | गुरुवार, दुपारी १२.४५

एक सापडलंय. सोफोस आणि रिव्हर्सिंगलॅब्ज या सुरक्षा कंपन्यांनी डिसेंबर २०२० मध्ये 'सोरेल' नावाचा संच खुला केला. दोन कोटी फाइलींची माहिती आणि त्यातले जवळपास एक कोटी घातक नमुने प्रत्यक्ष फाइलींच्या रूपात. पण नांगी मोडलेल्या! फाइलीच्या डोक्यातले दोन आकडे शून्य करून ठेवलेत, त्यामुळे विंडोज त्यांना चालवायलाच तयार होत नाही. अभ्यासाला आतला मजकूर मात्र जसाच्या तसा. सगळ्या प्रोग्राम-फाइली, त्यात कोणाचं पगारपत्रक नाही.

(हे आकडे जाणकार माणूस परत जागेवर बसवू शकतो. त्यांनीही ते लपवलेलं नाही.)

अडचण एकच, सगळा संच काही टेराबाइटचा आहे आणि हॉस्टेलचं नेट दुपारी बंद असतं. थोडेच घेऊ.

आणखी एक: कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठानं २००३ मध्ये व्हायरस लिहायला शिकवणारा कोर्स काढला होता. अँटिव्हायरस कंपन्यांनी जाहीर टीका केली. विद्यापीठानं कोर्स बंद केला नाही, नेटवर्क नसलेली बंद लॅब दिली. मॅडम, हे सरांना दाखवा.


खेड_कोर्ट | गुरुवार, दुपारी १.३०

पोरगा वकील व्हायला हवा होता.


खाडीकाठ | शुक्रवार, सायंकाळी ६.१५

ताजी बातमी. आज विभागाची बैठक झाली. कॅल्गरीचा दाखला आणि वकीलसाहेबांची कलमं दोन्ही ठेवली. 'अभ्यासणे' हा शब्द परिपत्रकातून जाणार. नांगी मोडलेले नमुने चालतील. जिवंत नमुने फक्त तळमजल्यावरच्या जुन्या लॅबमध्ये, नेटवर्कची केबल काढून, वहीत नोंद करून, माझ्या सहीनं. वर्ड-एक्सेलचे नमुने अजिबात नाहीत, ही अट मी स्वतः घातली, चौल. मुलांचा विषय तोच राहिला.


नाखवा_उरण | शुक्रवार, सायंकाळी ७.००

अभिनंदन बाई. माझं मत तेच आहे, पण मुलांना शुभेच्छा.


चौल_रेवदंडा | शुक्रवार, रात्री ८.२५

छान. एकच प्रश्न. त्या तळमजल्यावरच्या लॅबची किल्ली कोणाकडे असते?


खाडीकाठ | शुक्रवार, रात्री ८.४०

बाकी सगळ्या खोल्यांच्या असतात तिथेच. ऑफिसात, दारामागच्या खिळ्याला.


कुडाळ_रिपेअर | शुक्रवार, रात्री ८.४४

म्हणजे माझो खण बरो.